जप्त रोकड परत मागण्याचा अर्ज (नवी पेठ, सोलापूर)

पोलिसांनी वा निवडणूक पथकाने ताब्यात घेतलेली रक्कम परत मिळावी म्हणून मालकाने करावयाचे लेखी कथन. सोलापूरच्या नवी पेठेसारख्या बाजारपेठेला हा विषय आचारसंहितेत विशेष जवळचा होतो. 2024 मध्ये विधानसभेची आचारसंहिता 15 ऑक्टोबरला लागली, मतदान 20 नोव्हेंबरला झाले आणि दिवाळी नेमकी मध्ये आली. गल्ला भरलेला आणि नाक्यावर तपासणी, अशी ती गाठ.

50,000 रुपयांहून जास्त रोकड बाळगणे हाच गुन्हा, हा समज पक्का असला तरी खोटा आहे. निवडणूक आयोगाच्या 29 मे 2015 च्या कार्यपद्धतीत ही मर्यादा उमेदवार, त्याचा प्रतिनिधी किंवा पक्षकार्यकर्ता ज्या वाहनात आहे त्यासाठी आहे. 10 लाखांवरील रक्कम सापडली तर आयकर खात्याला कळवतात. तीन अधिकाऱ्यांची जिल्हा समिती प्रत्येक जप्ती स्वतःहून तपासते. गुन्हा नोंदलेला नसेल आणि रकमेचा उमेदवाराशी वा प्रचाराशी संबंध नसेल, तर ती सकारण आदेश काढून रक्कम सोडते. असे प्रकरण मतदानानंतर 7 दिवसांपलीकडे रेंगाळत ठेवता येत नाही.

गुन्हा दाखल झाला की न्यायालयात जावे लागते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार मुद्देमाल न्यायालयापुढे आला असेल तर कलम 497, नसेल तर 503. ‘रक्कम माझी आहे’ एवढ्यावर सहसा भागत नाही. कोणत्या दिवसाची विक्री, कोणाकडची उधारी वसूल झाली, रोकड कोणाच्या हाती देऊन कुठे भरण्यास पाठवली, हे सांगावे लागते आणि ते रोजकीर्द, बिलबुके, जीएसटी विवरणपत्रे यांच्याशी जुळावे लागते. रक्कम नोकराकडे सापडली असेल तर पंचनाम्याच्या वेळी तो काय बोलला, याला फार वजन येते. अर्ज बहुधा तिथेच अडतो. सुंदरभाई देसाई प्रकरणात (2002) सर्वोच्च न्यायालयाने नोटांचा तपशीलवार पंचनामा व छायाचित्रे करून, बंधपत्र घेऊन रक्कम परत देण्याची वाट दाखवली.

अमेरिकेत रोकड सरकारजमा करण्याच्या दिवाणी दाव्यात, 2006 पासूनच्या ‘नियम जी’प्रमाणे, आपण दावा सिद्ध करू शकू असे वाजवीपणे वाटेल इतका तपशील आधी सरकारने मांडायचा असतो. आपल्याकडे लेखणी प्रथम व्यापाऱ्याच्या हाती येते. सहा महिन्यांत कोणी हक्क शाबीत केला नाही आणि ज्याच्याकडे रक्कम सापडली त्यालाही ती कायदेशीर मिळाल्याचे दाखवता आले नाही, तर कलम 504 खाली ती राज्य शासनाकडे जाऊ शकते. परताव्याचा आदेश झाला तरी आयकराची चौकशी वेगळी चालू शकते.