कर्करोगाच्या मूळपेशी आणि नॅनो-औषधे

केमो संपते, स्कॅनमध्ये गाठ दिसेनाशी होते आणि काही वर्षांनी आजार उलटतो. अमरावतीच्या राजापेठेतून तपासणीसाठी नागपूर-मुंबईच्या वाऱ्या करणाऱ्या घरांना ही धास्ती वेगळी सांगायला नको. आजार उलटण्याचे एक कारण म्हणून काही कर्करोगांत 'मूळपेशीं'कडे बोट दाखवले जाते. काळ्या रानातला कुंदा वरवर खुरपला तरी पुन्हा फुटतो, कारण मुळ्या खोल राहिलेल्या असतात. तसेच काहीसे.

टोरांटोत जॉन डिक यांच्या गटाने 1994 मध्ये रक्ताच्या कर्करोगात अशा पेशी दाखवल्या. 2003 मध्ये मिशिगनच्या संशोधकांना स्तनाच्या कर्करोगात त्या सापडल्या: अशा अवघ्या शंभरेक पेशींनी उंदरात नवी गाठ धरली, इतर हजारो पेशींना ते जमले नाही. बहुतेक केमो भराभर वाढणाऱ्या पेशी मारते. मूळपेशी मात्र बराच काळ सुस्त राहू शकतात आणि आत आलेले औषध बाहेर फेकतात.

मग त्यांना मारायचे कशाने? 2009 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट वाइनबर्ग आणि एरिक लँडर यांच्या गटांनी सुमारे 16,000 रसायने तपासली. त्यांत सरस ठरलेले सॅलिनोमायसिन कुक्कुटपालकांच्या ओळखीचे आहे. कोंबड्यांना कॉक्सी, म्हणजे रक्ती हगवण, होऊ नये म्हणून ते खाद्यात मिसळतात. पॅक्लिटॅक्सेल या नेहमीच्या औषधाच्या तुलनेत त्याने मूळपेशींचे प्रमाण शंभरपटीहून जास्त घटवले. पण माणसाच्या नसा-स्नायूंना ते विषारी आहे, घोडा तर थोड्याशा मात्रेनेही दगावतो. शिवाय ते पाण्यात नीट विरघळत नाही.

नॅनोतंत्राची गरज इथे पडते. औषध साधारण 100 नॅनोमीटरच्या कणात भरायचे (केसाची जाडी सुमारे 80,000 नॅनोमीटर असते) आणि कणावर हायलुरोनिक आम्लाचा थर द्यायचा. अनेक मूळपेशींवर सीडी44 नावाचे प्रथिन जास्त असते, ते या आम्लाला चिकटते. पेशी कण आत ओढते आणि औषध आत सुटते. प्रयोगशाळेत व उंदरांत हे जमले आहे.

अडचण पोहोचण्याची आहे. दहा वर्षांतल्या प्राण्यांवरील प्रयोगांचा 2016 मध्ये आढावा घेतला, तेव्हा टोचलेल्या कणांपैकी जेमतेम 0.7 टक्के गाठीत पोचल्याचे दिसले. बरेचसे यकृत आणि प्लीहा अडवतात. सीडी44 निरोगी पांढऱ्या पेशींवरही असते. आणि साधी कर्कपेशी परिस्थितीनुसार मूळपेशीसारखी वागू लागते, म्हणजे एकदा तण काढून भागत नाही.

अमरावती विद्यापीठात महेंद्र राय यांच्या गटाने बुरशीपासून चांदीचे नॅनोकण बनवण्यावर बरेच काम केले, पण ते मुख्यतः जंतूंविरुद्धचे. 'नॅनो' शब्द दिसला म्हणून ते कर्करोगाचे औषध ठरत नाही.

रुग्णाच्या कागदावर 'नॅब-पॅक्लिटॅक्सेल' लिहिलेले असेल, तर ते खरोखरच नॅनो-औषध आहे. अमेरिकेत त्याला 2005 मध्ये मान्यता मिळाली. त्यात पॅक्लिटॅक्सेल अल्ब्युमिन प्रथिनात गुंडाळलेले असते, त्यामुळे तीव्र ॲलर्जी आणू शकणारे जुने द्रावक लागत नाही. मूळपेशी शोधण्यासाठी मात्र ते बनवलेले नाही.