जुन्नर-आंबेगावची धूळ आणि आपली फुप्फुसे

लेण्याद्रीच्या बौद्ध लेण्यांपर्यंत हिवाळ्यातल्या सकाळी चढून गेलो की कुकडीच्या खोऱ्यावर पांढुरका थर दिसतो. आपण धुके म्हणून त्याचे फोटो काढतो. धुके असतेच; पण गळीत हंगामात त्यात पेटवलेल्या पाचटाचा, वीटभट्ट्यांचा आणि चुलींचा धूरही मिसळतो. रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि जड होते, त्यामुळे डोंगरांमधल्या खोऱ्यात धूर खालीच साचून राहतो.

रस्त्याची आणि खडी क्रशरची जाडी धूळ बरीचशी नाका-घशात अडकते. तिने खोकला होतो, दमा बळावतो. धुरातले २.५ मायक्रोमीटरपेक्षा लहान कण (पीएम २.५) डोळ्यांना दिसत नाहीत. केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्श्याएवढे हे कण फुप्फुसांच्या तळाशी पोहोचतात आणि त्यातले अतिसूक्ष्म कण रक्तात उतरतात. म्हणूनच हृदयविकार, पक्षाघात आणि बाळाचे कमी वजन यांचाही संबंध हवेशी आहे. हवेतील हे कण कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१३ मध्येच जाहीर केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये बाहेरच्या प्रदूषित हवेमुळे जगात सुमारे ४२ लाख अकाली मृत्यू झाले.

संघटनेची पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे, भारताची ४०. म्हणजे सरकारी कागदावर ‘मर्यादेत’ असलेली हवाही आठपट वाईट असू शकते.

सर्वांत जास्त झळ कोणाला? कष्टाच्या कामात माणूस जोरजोरात, तोंडाने श्वास घेतो. फडातला ऊसतोड कामगार, क्रशरवरचा मजूर, मंचर-नारायणगावला पुणे-नाशिक रस्त्याकडेला दिवसभर बसणारी भाजीवाली. ऊसतोड्यांच्या कोपीत तर रात्रीही चुलीचा धूर. तोंडाला बांधलेली ओढणी किंवा उपरणे जाडी धूळ अडवते, पीएम २.५ फारसे नाही. त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ मास्कच लागतो, आणि तो मजुराने स्वतःच्या रोजातून का घ्यावा?

२०१९ च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात पुणे शहर आहे; पण तो कार्यक्रमच शहरांसाठी असल्याने आपले दोन्ही तालुके त्यात येत नाहीत. तरी १९८१ चा वायू प्रदूषण कायदा गावालाही लागू आहे. क्रशरला प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र लागते आणि पाणी फवारणे, यंत्र झाकणे अशा अटी त्यात असतात. माहिती अधिकारात ते मागवा, अटी ग्रामसभेत वाचून दाखवा. तक्रारीला तारीख-वेळेसह फोटो जोडा. पाचटाबद्दल मात्र शेतकऱ्याशी भांडण नको. खोडव्यात ते कुजवले तर ओल टिकते आणि खताचा खर्च कमी होतो, हे त्याच्या बांधावर बसून बोलता येते.