राबत्याच्या जागा

आमच्या घरात ‘फिरायला जाणे’ असा शब्दप्रयोग नव्हता. आई मालवणच्या बाजारात जात असे ती डोक्यावर फाट्यांचा भारा घेऊन, आणि परतत असे ती मीठ-मिरची घेऊन. आता तिचे गुडघे दुखतात, रक्तातली साखर वाढली आहे, म्हणून डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितले आहे. एका संध्याकाळी मी तिला रॉक गार्डनला नेले. ती बाकावर टेकायलाही तयार होईना. म्हणाली, “कामाशिवाय चलाचा कशाक? लोक काय म्हणतले?” मी घरातली पहिली पदवीधर, महाविद्यालयात इतिहास शिकवते. पण तिच्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही.

रुंद पदपथ, झाडांची सावली, दिवे आणि बाक दिले की माणसे चालू लागतात, असे नगररचनाकार म्हणतात. ते खोटे नाही. कोलंबियातील बोगोटा शहराने तर फरशीही न बदलता, १९७४ पासून सुट्टीच्या दिवशी मुख्य रस्ते मोटारींना बंद करून लाखो लोकांना चालायला, सायकल चालवायला बाहेर काढले. आपल्याकडे मात्र २०२२ सालच्या अंदाजानुसार जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के, स्त्रियांत ५७ टक्के. पदपथ दोघांना एकच असताना हा फरक का पडावा?

त्याचे उत्तर मला आपल्याच इतिहासात शोधावेसे वाटते. ऑगस्ट १९२३ मध्ये भंडारी समाजाचे पुढारी सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कचेऱ्या, न्यायालये, दवाखाने अस्पृश्यांना खुले झाले. या यादीत रस्ता नाही, बागही नाही. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर जागा बदलली, पण एकाही अस्पृश्याचे पाऊल त्या काठावर पडले नाही. ते पडायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला.

त्या दिवसाचे वर्णन करताना आपण ओंजळीतल्या पाण्यापाशी थांबतो. मला त्याआधीचे चालणे महत्त्वाचे वाटते. बाबासाहेबांच्या मागे हजारो माणसे शिस्तीने भर गावातून, भर दिवसा चालत गेली. कोणाचे ओझे वाहायला नव्हे, कोणाचा निरोप पोचवायलाही नव्हे! हे चालणेच सवर्णांना सोसले नसावे. वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली आणि मंडपात व गावच्या रस्त्यांवर आपल्या माणसांना मारहाण झाली. तळ्याच्या हक्काचा खटला पुढे दहा वर्षे चालला. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो मार्च १९३७ मध्ये. आणि १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट यांच्याबरोबर रस्ते आणि सार्वजनिक राबत्याच्या जागाही आल्या. म्हणजे बोले ठरावात जे नव्हते, ते यायला सत्तावीस वर्षे लागली. (राबणाऱ्यांना राबता नाही, ही आपल्या भाषेतली जुनी गंमत आहे.)

आज मालवणात आईला कोणी अडवत नाही. राजकोटावर २०२३ साली शिवरायांचा पुतळा उभा राहिला, २०२४ साली पडला, २०२५ साली नवा उभा राहिला. पर्यटकांची वर्दळ आहे. आमच्या वाडीतून शहराकडे येणाऱ्या रस्त्याला मात्र कडेला पाऊल ठेवायला जागा नाही. गाडी आली की गटारात उतरावे लागते. सुशोभनाचा नकाशा जिथे संपतो तिथून आमची वाडी सुरू होते. पण तो रस्ता उद्या रुंद झाला, तरी ‘लोक काय म्हणतले’ हा प्रश्न उरतोच. त्याला फरशीचे उत्तर पुरत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर आई चालू लागली आहे. वाडीतल्या दोघीजणी सोबत असतात. पहाटे, उजाडायच्या आधी निघतात. तिघींच्याही हातात एकेक पिशवी असते. मी एकदा विचारले, बाजार तर उघडलेला नसतो, मग पिशवी कशाला? आई हसली. पिशवी रिकामीच असते.