लांब पल्ल्याची बैठक

मोटारसायकलचा इतिहास सांगताना इंजिनाची शक्ती, चाकांचा वेग आणि शर्यतींचे विक्रम यांची नोंद बारकाईने केली जाते. ज्या हातभर जागेवर बसून माणसाने हे सारे अनुभवले, त्या बैठकीचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. वस्तुतः लांबचा प्रवास केलेला कोणताही स्वार सांगेल की, एका दिवसात किती मजल मारता येईल हे पुष्कळदा पेट्रोलच्या टाकीपेक्षा बैठकीवरच ठरते. टाकी वाटेत पुन्हा भरता येते. अवघडलेली कंबर आणि बधिर झालेल्या मांड्या यांच्यासाठी कोठे पंप नसतो. शिवाय, ज्या स्वाराचे अर्धे लक्ष आपल्या वेदनेकडे गुंतले आहे, त्याचे उरलेले अर्धेच लक्ष रस्त्यावर असते. तेव्हा बैठकीचा प्रश्न केवळ चैनीचा नाही. तो सुरक्षिततेचाही आहे.

हा प्रश्न घोड्याइतका जुना आहे. घोड्यावरील आसनाला दोन कामे करावी लागत. वर बसणाऱ्याला आधार द्यावयाचा आणि खाली घोड्याचा कणा वाचवावयाचा. म्हणून चांगले जीन कण्यावर टेकत नसे. ते स्वाराचा भार कण्याच्या दोन्ही अंगांना पसरवीत असे. खोगीर म्हणजे आत भरण घालून शिवलेली गादी. भरण बरेवाईट, जे मिळेल ते घालण्याची सवय इतकी सार्वत्रिक असावी की, मराठीत निरुपयोगी मजकुराला किंवा माणसांना ‘खोगीरभरती’ हेच नाव पडले. जाणता कारागीर मात्र भरण कोठे दाट असावे आणि कोठे विरळ, हे घोड्याची पाठ पाहून ठरवी. आणखी एक गोष्ट येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. घोडेस्वाराचा सगळा भार आसनावर कधीच नसे. काही भार मांड पेलीत असे, काही रिकिबीतील पाय पेलीत असत, आणि घोड्याच्या चालीबरोबर स्वार सतत उठतबसत असे. भाराची वाटणी, पायांचा आधार आणि हालचालीची मोकळीक, ही सुखासनाची तीन तत्त्वे घोडेस्वारीच्या विद्येत अशी आधीच सामावलेली होती.

यंत्राने ती सहज विसरायला लावली. जर्मनीत कानश्टाट येथे गॉटलीब डेमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ मध्ये पेट्रोलवर चालणारी पहिली दुचाकी तयार केली. तिचा सांगाडा लाकडी होता, तोल सांभाळण्यास बाजूला दोन लहान चाके होती, आणि बैठक चक्क घोड्याच्या जिनासारखी चामड्याची, उंच व फुगीर होती. इंजिन नेमके तिच्याखाली बसविलेले होते. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात डेमलरच्या मुलाने तिच्यावरून कानश्टाटपासून उंटरट्युर्कहाइमपर्यंत फेरी केली, तेव्हा खालच्या तप्त प्रज्वलन-नळीमुळे बैठकीनेच पेट घेतला, असे सांगतात. मोटारसायकलच्या पहिल्याच प्रवासात जी तक्रार उद्भवली ती बैठकीची होती, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. घोड्याचे जीन उचलून यंत्रावर ठेवल्याने काम भागणार नव्हते.

पुढील उत्तर सायकलकडून आले. बर्मिंगहॅमच्या जॉन बोल्टबी ब्रुक्स याचा १८६६ पासून घोड्याचा साज आणि चामड्याच्या वस्तू करण्याचा व्यवसाय होता. १८७८ मध्ये त्याचा घोडा मेला, दुसरा घेणे परवडेना, म्हणून त्याने सायकल उसनी आणली आणि तिच्या कठीण बैठकीने तो इतका त्रस्त झाला की, स्वतःच नवी बैठक करावयास बसला, अशी त्या व्यवसायातील प्रसिद्ध कथा आहे. १८८२ मध्ये त्याने आपल्या रचनेचे पेटंट घेतले. ब्रुक्सच्या नावाने पुढे जगभर गेलेली बैठक गादीची नव्हती. जाड चामड्याचा एक तुकडा पोलादी चौकटीवर पुढून मागे ताणून बसवावयाचा, एवढीच तिची युक्ती. आपल्याकडची सुताची किंवा काथ्याची बाज ज्याने पाहिली आहे, त्याला तिचे रहस्य समजावून सांगावयास नको. बाजेत गादी नसते. ताणलेले विणकाम शरीराच्या आकाराप्रमाणे खाली जाते आणि भार सर्वत्र वाटून घेते. बाज सैल झाली की दोर आवळतात, तसा या चामड्याचा ताणही पुढील मळसूत्र फिरवून वाढविता येई.

प्रारंभीच्या मोटारसायकलींनी हेच चामडे उचलले आणि त्याखाली पोलादी स्प्रिंगा लावल्या. त्याचे कारण उघड होते. त्या काळच्या बहुतेक गाड्यांचे मागील चाक सांगाड्याला ताठ जखडलेले असे. खड्ड्याचा धक्का चाकाकडून सांगाड्याला आणि सांगाड्याकडून थेट स्वाराला पोचे. मध्ये अडविणारी एकच गोष्ट म्हणजे बैठक. १९१२ मध्ये अमेरिकेतील हार्ले-डेव्हिडसन कंपनीने बैठकीच्या उभ्या दांड्यातच स्प्रिंग बसविली, तीही याच गरजेतून. त्याच वर्षी कार्ल स्टर्न्स क्लॅन्सी हा अमेरिकन तरुण हेंडरसन कंपनीच्या चार सिलिंडरांच्या गाडीवर डब्लिनहून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला आणि १९१३ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कला परतला. सुमारे १८,००० मैलांच्या त्या प्रवासात मागच्या बाजूने त्याला मिळालेला आराम बैठकीखालच्या स्प्रिंगांचा आणि हवा भरलेल्या टायरचाच होता. १९३२ मध्ये लंडनहून डग्लस गाडीवर निघून हिंदुस्थानमार्गे टोकियोपर्यंत गेलेला रॉबर्ट एडिसन फुल्टन, आणि १९३४-३५ मध्ये लंडनहून केपटाऊनपर्यंत सहारा ओलांडून गेलेल्या थेरेसा वॉलक व फ्लॉरेन्स ब्लेन्किरॉन या दोन स्त्रिया, हेही याच युगाचे प्रवासी होत. या बैठकीत दोष होतेच. पावसात भिजली की चामडे सैल पडे, आणि मोठ्या खड्ड्यात स्प्रिंगा स्वाराला वर उडवीत. तरी रुंद, ताणलेल्या चामड्यावर भार पसरत असे, हा तिचा गुण विसरता येणार नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. मागील चाकालाच स्प्रिंगा व धक्काशोषक बसू लागले. १९५० मध्ये नॉर्टन कंपनीने मॅक्‌कँडलेस बंधूंनी रचलेला नवा सांगाडा शर्यतीत उतरविला, तेव्हा हॅरल्ड डॅनियल या स्वाराने त्याची तुलना पिसांच्या गादीशी केली आणि तेच नाव त्या सांगाड्याला कायमचे चिकटले. चाक स्वतःच धक्का गिळू लागल्यावर बैठकीखालच्या स्प्रिंगा अनावश्यक वाटू लागल्या. त्याच सुमारास डनलॉप कंपनीत १९२९ मध्ये शोधला गेलेला फेसाळ रबर हाताशी होता. परिणामी स्वार आणि सोबती या दोघांना पुरणारी एक सलग लांब गादी प्रचारात आली. ती दिसावयास सुबक होती, बनवावयास सोपी होती, आणि मागे बसणाऱ्याला तिने प्रथमच मानाची जागा दिली. मात्र बैठक रुंदीऐवजी लांबीत वाढली. तिचा आकार हळूहळू गाडीच्या रेखाकृतीशी जुळविला जाऊ लागला. बसणाऱ्याच्या देहाशी जुळविण्याचे भान मागे पडले.

भारतात दोन्ही पद्धती दीर्घकाळ शेजारी नांदल्या. मद्रासजवळ तिरुवोट्टियूर येथे १९५५ मध्ये स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडियाची ‘बुलेट’ स्प्रिंगांच्या स्वतंत्र बैठकीसह सैन्यात आणि पोलिसांत वावरली. पुण्याजवळ आकुर्डीला तयार होऊ लागलेल्या स्कूटरींवरही पुढेमागे दोन वेगळ्या बैठका असत. येथील रस्त्यांवर एक निराळा प्रश्न होता. मागे बसणारी स्त्री पुष्कळदा लुगडे नेसून एका बाजूला पाय सोडून बसे, आणि अशा बसण्याला लांबट गादी कधीच पुरेशी नव्हती. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी सोबत्यासाठी धरावयाची मूठ, पाय ठेवावयाची जागा आणि वस्त्र चाकात अडकू नये म्हणून जाळी सक्तीची केली, ती या अनुभवाची उशिरा घेतलेली दखल होय. २००९ मध्ये जुन्या धाटणीची ‘क्लासिक’ बाजारात आली, तेव्हा स्प्रिंगांची एकेरी बैठकही परतली, पण आता मुख्यतः शोभा म्हणून.

मऊ गादीवर बसूनही दोन तासांत वेदना का सुरू होतात, याचा उलगडा मोटारसायकलच्या कारखान्यात झाला नाही. तो वैद्यकात झाला. बसलेल्या माणसाचा बराचसा भार ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या दोन हाडांच्या टोकांवर पडतो. १९३० मध्ये युजीन लँडिस याने केशवाहिन्यांतील रक्तदाब मोजला; रक्त आत शिरते त्या टोकाला तो सुमारे ३२ मिलिमीटर पारा इतका भरला. बाहेरचा दाब याहून जास्त झाला आणि टिकून राहिला, तर रक्ताचा प्रवाह अडू लागतो. १९५९ मध्ये मायकल कोसियाक याने प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविले की, थोडा वेळ पडलेला मोठा दाब जी इजा करतो, तीच दीर्घकाळ पडलेला लहान दाबही करू शकतो. हे संशोधन अंथरुणाला आणि चाकाच्या खुर्चीला खिळलेल्या रुग्णांसाठी होते. त्यांच्यासाठीच अमेरिकेत १९७० च्या दशकात रॉबर्ट ग्रेब याने एकमेकींशी जोडलेल्या हवेच्या पेशींची गादी तयार केली. एक पेशी दबली की तिच्यातील हवा शेजारणीकडे जाते आणि भार वाटला जातो. त्याच तत्त्वावरच्या गाद्या पुढे मोटारसायकलींवरही आल्या.

यावरून मऊ बैठकीच्या मोहाचे खरे स्वरूप कळते. फार मऊ फेस पहिल्या पाच मिनिटांत सुखद वाटतो. परंतु थोड्या वेळाने हाडांची टोके त्यात रुतत जाऊन खालच्या कठीण पत्र्यापाशी पोचतात, आणि मग भार पुन्हा त्या दोन बिंदूंवर येतो. घट्ट फेस प्रारंभी कठोर भासतो, पण रुंद आणि योग्य आकाराचा असेल तर तासन्‌तास भार पसरवून धरतो. बैठकीचा उतार पुढे असेल तर स्वार टाकीकडे घसरत राहतो आणि स्वतःला मागे रेटताना त्याचे हात थकतात. पाय फार पुढे ठेवावे लागणाऱ्या गाडीवर पायांचा आधार तुटतो आणि सगळे वजन माकडहाडावर येते. पाय शरीराखाली असले तर स्वार अधूनमधून उभा राहू शकतो, आणि जुनी रिकीब पुन्हा कामी येते. लोकरीसह कमावलेले मेंढीचे कातडे बैठकीवर घालण्याची रीत कित्येक प्रवासी पाळतात, कारण केसांतून हवा खेळते, घाम वाळतो आणि त्वचा घासली जात नाही.

अमेरिकेत १९८४ पासून दीर्घ अंतराच्या स्वारांची एक स्पर्धा भरत आली आहे, आणि तिच्या संघटनेची सर्वांत साधी कसोटी म्हणजे २४ तासांत १,००० मैल, अर्थात सुमारे १,६०० किलोमीटर. इतका वेळ बसणाऱ्यांत कारखान्याची बैठक बदलून आपल्या मापाची करवून घेणारे पुष्कळ असतात, आणि ते स्वाभाविक आहे. कारखाना सरासरी देहासाठी बैठक घडवितो; प्रवासाला निघणारा देह सरासरी नसतो. त्याची उंची, वजन, हाडांमधील अंतर, जुनी दुखणी ही त्याची एकट्याची असतात. म्हणून बैठकीची परीक्षा दुकानात उभ्या गाडीवर बसून करता येत नाही. निदान दोन तासांचा सलग प्रवास, नेहमीच्या कपड्यांत, नेहमीच्या सामानासह आणि सोबती असेल तर त्याच्यासह, हीच तिची परीक्षा. आणि सर्वोत्तम बैठकीलाही विसाव्याची जोड लागते. तासा-दीड तासाने उतरून चार पावले चालल्यावर अडलेले रक्त वाहू लागते, त्याची बरोबरी कोणतीही गादी करू शकत नाही.

जीन शिवणाऱ्यांना महाराष्ट्रात जीनगर म्हणत. घोडदळे गेली तसा तो व्यवसाय ओसरला. पण आजही भारतातील जवळजवळ प्रत्येक गावात एखाद्या गल्लीच्या तोंडाशी मोटारसायकलींच्या बैठका दुरुस्त करणारा कारागीर आढळतो. तो जुने आवरण उसवतो, फेस सुरीने तासतो, कोठे घट्ट तुकडा डकवतो, कोठे खळगा करतो आणि पुन्हा शिवून देतो. त्याच्याकडे जाणाऱ्याने नुसते नवे, चकचकीत आवरण मागितले तर पदरी खोगीरभरतीच पडेल. मात्र आपण किती वेळ बसतो, कोठे दुखते आणि मागे कोण बसते, हे त्याला नीट सांगितले, तर दीडशे वर्षांच्या या इतिहासातील सारे शहाणपण त्या लहानशा दुकानातही उपयोगी पडू शकते.