फुटबॉलमधील चेंडूचे संरक्षण

फुटबॉलच्या खेळात प्रतिस्पर्धी आणि चेंडू यांच्या मध्ये आपले शरीर ठेवून चेंडूवरील ताबा टिकवण्याच्या कौशल्यास चेंडूचे संरक्षण किंवा शिल्डिंग असे म्हणतात. ह्या कौशल्यात वेगापेक्षा तोल, शरीराची ठेवण आणि प्रतिस्पर्ध्याच्या हालचालीचे भान यांना अधिक महत्त्व असते. त्यामुळे अंगाने लहान असलेला खेळाडूही ते आत्मसात करू शकतो.

तंत्र

खेळाडू प्रतिस्पर्ध्याकडे पूर्ण पाठ न करता अंग तिरके ठेवून उभा राहतो. त्यामुळे चेंडू आणि प्रतिस्पर्धी यांतील अंतर वाढते व दोन्हींवर नजर ठेवता येते. गुडघे वाकवून आणि पाय फाकवून गुरुत्वमध्य खाली आणला जातो. धक्का बसला तरी तोल जात नाही. चेंडू नेहमी प्रतिस्पर्ध्यापासून दूरच्या पायाने खेळवतात, म्हणजे बचावपटू उजवीकडे असल्यास डाव्या पायाने. बचावपटूचा भार एका बाजूला झुकताच विरुद्ध बाजूस वळून निसटता येते.

नियम

खेळाच्या नियमांतील बारावा नियम ह्या कौशल्याची मर्यादा ठरवतो. चेंडू खेळण्याच्या अंतरात असेल आणि हातांनी किंवा शरीराने प्रतिस्पर्ध्याला रोखून धरले नसेल, तर चेंडू झाकणे वैध ठरते. अशा वेळी प्रतिस्पर्ध्यासही नियमात बसेल असा खांद्याचा धक्का देण्याची मुभा असते. चेंडू त्या अंतराबाहेर असताना वाट अडवणे मात्र गुन्हा आहे. शरीराचा स्पर्श न झाल्यास प्रतिपक्षास अप्रत्यक्ष फ्री किक मिळते, तर स्पर्श झाल्यास थेट फ्री किक मिळते. हाच स्पर्शाचा गुन्हा बचाव करणाऱ्या खेळाडूने स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात केला, तर पेनल्टी किक दिली जाते. म्हणूनच हात तोल सांभाळण्यापुरतेच पसरावेत, असे शिकवले जाते.

उपयोग

आघाडीचा खेळाडू सहकारी मदतीस येईपर्यंत चेंडू राखून ठेवतो. बचावपटू चेंडू गोलरेषेबाहेर जाऊ देताना प्रतिस्पर्ध्याला अंगाआड ठेवतो. आघाडीवर असलेला संघ अखेरच्या मिनिटांत कोपऱ्यातील झेंड्याजवळ चेंडू झाकून वेळ काढतो. नियम पाळले असता हेही वैध आहे.

ठाणे जिल्हा आणि महाराष्ट्र

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांत जाळीने वेढलेल्या छोट्या टर्फवरही फुटबॉल खेळला जातो. तेथे धावून निसटण्यास जागा अपुरी असल्याने चेंडू झाकण्याचे कौशल्य विशेष उपयोगी पडते. पावसाळ्यात चिखलाच्या मैदानावर चेंडू साचलेल्या पाण्यात अडतो. तेव्हा तो पुढे ढकलण्यापेक्षा अंगाआड राखणे अधिक सुरक्षित असते. कोल्हापुरात कुस्तीची परंपरा असलेल्या तालमींच्या नावाने फुटबॉल संघ खेळतात. पाय रोवून तोल राखणे हे दोन्ही खेळांतील समान सूत्र होय.

ठाणे जिल्ह्यातील नेरूळ येथील डॉ. डी. वाय. पाटील स्टेडियमवर २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकातील स्पेन व माली यांचा उपांत्य सामना झाला. स्पेनने तो ३–१ असा जिंकला. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी त्याच वयोगटातील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही तेथेच झाला. त्यात स्पेनने कोलंबियाला १–० असे हरवले.