कृत्या, कवच आणि जिवतीचा कागद

करणीच्या भीतीवर देवीची उपासना हा उतारा फार जुना आहे, असे आपण सहज बोलून जातो. परंतु ‘फार जुना’ म्हणजे किती, आणि या उताऱ्यात देवी नेमकी केव्हा शिरली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. वेदात सगळे आहेच, अशी आपली समजूत असते. म्हणून आम्ही अथर्ववेदाच्या दहाव्या कांडातील पहिल्या सूक्तापासूनच आरंभ करतो.

हे सूक्त कृत्येला परतवून लावण्याचे आहे. कृत्या म्हणजे कोणी तरी दुसऱ्याच्या नाशासाठी घडवून धाडलेली बाहुली. तिला डोके आहे, नाक आहे, कान आहेत, आणि वरातीतल्या नवरीसारखी सजवून ती पाठवलेली आहे. भीतीला नवरीचे रूप द्यावे, ही कल्पनाच विलक्षण आहे. घरात नव्याने येणारी परकी स्त्री आणि घरात शिरणारा घात यांना त्या कवीने एका उपमेत बसवले. पुढच्याच एका मंत्रात उपमा उलटते. शूद्राने, राजाने, स्त्रीने किंवा ब्राह्मणाने, कोणीही केलेली असो, ही कृत्या नवऱ्याने हाकललेल्या बायकोने माहेरी परतावे तशी आपल्या कर्त्याकडे परत जावो, असे तेथे म्हटले आहे. नवरी होऊन आली, टाकलेली होऊन गेली. सूक्ताचे विषयानुसार वर्गीकरण करणाऱ्यांनी याला ‘अभिचार’ या सदरात टाकले आणि ते पुढे गेले. आम्हाला मात्र त्या उपमांपाशी थांबावेसे वाटते.

येथे रक्षणकर्ती देवी मध्यवर्ती नाही. उलट जी स्त्रीरूप आहे तीच आपत्ती आहे. रक्षण करतात ते शब्द, वनस्पती आणि कृत्येला उलट धाडणारा आंगिरस पुरोहित. चौथ्या कांडातील सतरा ते एकोणीस ही सूक्ते अपामार्गाची, म्हणजे आपल्या आघाड्याची आहेत. दुष्ट कृत्ये पुसून टाकणारी वनस्पती म्हणून त्यांत त्याला साकडे घातले आहे. पुढे तांत्रिक परंपरेत जी प्रत्यंगिरा देवी अवतरली, तिच्या नावाचे मूळ आम्हाला या उलट फिरवणाऱ्या आंगिरसात शोधावेसे वाटते. आधी क्रिया होती, मग मंत्राचा प्रकार झाला आणि शेवटी त्याची सिंहमुखी देवी झाली, असा तो प्रवास असावा. तमिळनाडूत कुंभकोणमजवळ अय्यावाडी येथे अमावास्येला प्रत्यंगिरेपुढे लाल मिरच्यांचा होम होतो. मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळून चुलीत टाकणाऱ्या आणि ठसका लागला नाही म्हणजे दृष्ट जबर होती असे ठरवणाऱ्या आपल्या आज्यांना तो होम परका वाटला नसता.

धर्मशास्त्राची भूमिका या बाबतीत सरळ नाही. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात अभिचार व कृत्या यांसाठी दोनशे पणांचा दंड सांगितला आहे, आणि अकराव्या अध्यायात शत्रूंवर अथर्वांगिरसांच्या श्रुती चालवण्याची ब्राह्मणाला मुभा दिली आहे, कारण वाणी हे त्याचे शस्त्र! गुन्हा कोणता हे कृतीवरून ठरत नसून कर्त्यावरून ठरत होते. असो.

आता साहित्याकडे वळू. आठव्या शतकातील भवभूती हा मूळचा विदर्भातील पद्मपूरचा. त्याच्या ‘मालतीमाधवा’च्या पाचव्या अंकात कापालिक अघोरघंट मालतीला कराला नामक चामुंडेपुढे बळी देण्यास सिद्ध होतो. स्मशान, देवालय, लाल वस्त्रे नेसवलेली मुलगी. विद्यार्थी हा अंक बीभत्स व भयानक रसांची उदाहरणे म्हणून वाचतात, ते योग्यच आहे. पण देवी काय करते? काहीच करीत नाही. मालतीला वाचवतो तो माधव. पुढे अघोरघंटाची शिष्या कपालकुंडला सूड म्हणून तिला पळवून नेते, तेव्हा सोडवते ती सौदामिनी, एकेकाळी बौद्ध परिव्राजिका कामंदकीची शिष्या असलेली आणि श्रीपर्वतावर सिद्धी मिळवलेली योगिनी. विद्येला विद्येनेच उत्तर मिळते. घातक विद्या आणि तारक विद्या यांचे उगमस्थान एकच आहे, हे भवभूतीला पक्के ठाऊक होते आणि त्याने ते लपवले नाही.

देवीला खऱ्या अर्थाने पहाऱ्यावर उभी करणारा ग्रंथ म्हणजे सप्तशतीच्या पाठापूर्वी म्हटले जाणारे देवीकवच. मार्कंडेय पुराणातील देवीमाहात्म्याच्या तेरा अध्यायांत ते येत नाही. पाठाचे अंग म्हणून ते जोडले गेले. मूळ माहात्म्यातही पठणाने राक्षस-भूत-पिशाच्चांचा नाश होतो, बालग्रहांनी पछाडलेली मुले शांत होतात, असे बाराव्या अध्यायात आश्वासन आहेच. परंतु तेथे देवीचे खरे काम रणांगणावर आहे. कवच ते रणांगण माणसाच्या देहावर आणते. पूर्वेला ऐंद्री, दक्षिणेला वाराही, वर ब्रह्माणी, खाली वैष्णवी अशा दिशा बांधून झाल्या, की शेंडीपासून पायांपर्यंत एकेक अवयव एकेका देवीच्या स्वाधीन होतो. फलश्रुतीत सर्व अभिचार, मंत्रयंत्रे, डाकिनी-शाकिनी, ब्रह्मराक्षस, वेताळ यांची नावे घेऊन, कवच धारण करणाऱ्याच्या केवळ दर्शनाने ती नाहीशी होतात असे म्हटले आहे.

येथे आम्हाला एक भेद महत्त्वाचा वाटतो. अथर्ववेदातील कृत्येला परत जायला कर्ता लागतो. कवचाला तो लागत नाही. करणी कोणी केली, हा प्रश्नच कवच विचारत नाही. ते अंगावर चढवायचे आणि आपल्या वाटेने जायचे.

अर्थात ग्रंथ आणि गाव यांच्यात अंतर असते. घरात कवचाचे पुस्तक असूनही माणसे देवऋषीकडे, भगताकडे जातातच, आणि तेथे पहिला प्रश्न कर्त्याचाच निघतो. मग नाव घेतले जाते. ते बहुधा एखाद्या विधवेचे, एकट्या बाईचे किंवा जमिनीत वाटा असलेल्या भाऊबंदाचे असते. बिहारमध्ये १९९९ साली व झारखंडमध्ये २००१ साली डायन ठरवण्याविरुद्ध कायदे करावे लागले ते यामुळेच. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम ऑगस्ट २०१३ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिला छळणे हे त्याच्या अनुसूचीत आहे. पोथी वाचणे नाही. कायद्यावर टीका करणाऱ्या अनेकांनी हा फरक पाहिला नाही, असे आमचे मत आहे. तुकोबांनी जाखाई-जोखाईंसारख्या दैवतांची ज्या धारदार शब्दांत वासलात लावली, ती पाहता कायदेमंडळ बरेच सौम्य म्हणायचे.

आणि तरीही, ज्या स्त्रीची भीती बाळगायची तिलाच घरात बसवण्याची दुसरी एक रीत आपल्याकडे आहे. महाभारताच्या प्रचलित पाठात, सभापर्वात, जरा नावाची राक्षसी जरासंधाची दोन शकले सांधते आणि राजाला आपली ओळख गृहदेवी म्हणून करून देते. मुलांसह तरुण रूपात जो मला भिंतीवर रेखाटील त्याच्या घरी भरभराट होईल, असे ती सांगते. आपल्या जिवतीच्या कागदावर ती जरा-जिवंतिका म्हणून अजून आहे. नृसिंह, कालियामर्दन आणि बुध-बृहस्पती यांच्या सोबत, लेकरे मांडीवर घेऊन. श्रावणात तो कागद भिंतीवर लागतो, शुक्रवारी त्याला दूर्वा-आघाड्याची माळ घालतात आणि मुलांना ओवाळतात. जी मुले परगावी असतात त्यांच्यासाठी आई चारी दिशांना अक्षता टाकते.