कूळ कायदा व ग्रामीण आर्थिक विषमता

कूळ कायदा या नावाने परिचित असलेला मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ हा दुसऱ्याची जमीन खंडाने वा वाट्याने कसणाऱ्यास संरक्षण देणारा व पुढे त्यास त्या जमिनीचा मालक करणारा कायदा होय. शासकीय धोरणामुळे ग्रामीण संपत्तीची वाटणी पिढ्यान्‌पिढ्या कशी बदलते, याचे हे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण आहे. मराठवाड्यात हैदराबादचा १९५० चा व विदर्भात १९५८ चा स्वतंत्र कायदा लागू आहे.

पार्श्वभूमी

कोकणातील खोती पद्धतीत पिकाचा मोठा हिस्सा खोताकडे जाई. तिच्याविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सुमारे सहा वर्षे शेतकऱ्यांनी जमिनी न कसण्याचा संप केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्यानंतर १९३९ चा पहिला कूळ कायदा, १९४८ चा अधिनियम आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा हे टप्पे आले.

मालकीचे हस्तांतरण

१९५६ च्या दुरुस्तीने कायद्याचे स्वरूप पालटले. १ एप्रिल १९५७ या ‘कृषक दिनी’ कूळ हे कसत असलेल्या जमिनीचे खरेदीदार मानले गेले. किंमत शेतजमीन न्यायाधिकरण ठरवी. कायम कुळासाठी ती खंडाच्या सहापट, तर इतरांसाठी आकारणीच्या २० ते २०० पट इतकी असून हप्त्यांनी फेडता येई. बाजारभावाच्या मानाने ही रक्कम अल्प होती. मूळ मालकांमध्ये थोड्या जमिनीच्या खंडावर गुजराण करणारी कुटुंबेही होती, हे येथे विसरता येत नाही.

तथापि कायदा होणे आणि त्याचा लाभ पदरात पडणे यांत मोठे अंतर राहिले. कुळाची नोंद पीकपाहणीत वा सातबाऱ्याच्या इतर हक्कांत असेल, तरच दावा सोपा जाई. तोंडी बोलीवर कसणाऱ्यांकडे पुरावा नव्हता. मालकास स्वतः कसण्यासाठी जमीन परत मागण्याचा हक्क होता, आणि ‘राजीखुशीने’ कब्जा सोडल्याचे जबाबही लिहून घेतले जात. ही खुशी कितपत खरी, हा प्रश्नच आहे. वि. म. दांडेकर व गो. ज. खुदनपूर यांनी १९४८ च्या कायद्याची पाहणी केली; ती गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९५७ मध्ये प्रसिद्ध केली. कुळांना मिळालेले संरक्षण प्रत्यक्षात फारसे उतरले नाही, असे तीत दिसून आले. किंमत ठरविण्याच्या चौकशीस कूळ हजर न राहिल्यास खरेदी निष्प्रभ ठरू शके. निरक्षर व आदिवासी कुळांना ही अट जाचक होती. कृषक दिनापूर्वी बेकायदा काढून टाकलेल्या कुळांना कब्जा परत देण्याची तरतूद १९६९ मध्ये करावी लागली.

ज्यांना ‘३२ म’चे प्रमाणपत्र मिळाले, त्यांची स्थिती मात्र मुळातून बदलली. खंड थांबला, विहीर खणण्यास व तारणावर कर्ज घेण्यास आधार मिळाला. सहकारी सोसायटीची दारेही सातबाऱ्यावर नाव असलेल्यासच प्रथम उघडत. खंडकरी व मालक यांतील दरी त्यामुळे खरोखर कमी झाली.

शेतमजूर हा मात्र कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिला. दलित व आदिवासी कुटुंबांपैकी अनेक कुटुंबे मजुरीवर जगत होती, कूळ म्हणून नव्हे. त्यांना कृषक दिनाने काही दिले नाही. नव्याने मालक झालेले कूळ आणि त्याच्या शेतावर राबणारा मजूर यांच्यातील अंतर उलट वाढले.

नंतरचा काळ

कुळाने घेतलेली जमीन कलम ४३ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीविना विकता येत नसे. २०१४ च्या दुरुस्तीने, खरेदीस दहा वर्षे झाली असल्यास आकारणीच्या ४० पट नजराणा भरून काही अटींवर विक्रीची मुभा मिळाली. वाढत्या शहरांलगतच्या जमिनींचे मोल पाहता ही आकारणी नाममात्र ठरते. १९५७ ची नोंद ज्या घराण्याकडे होती, त्याच्या नातवंडांस हे मोल मिळाले. दुसरीकडे, जमीन दिल्यास ती कुळाची होईल या भीतीने मालक आजही लेखी करार टाळतात. त्यामुळे तोंडी बटईने कसणाऱ्यास पीककर्ज, पीकविमा व नुकसानभरपाई मिळविणे कठीण जाते.